बसून खराब होणारी बॅटरी : इन्व्हर्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

मुंबईत लाइट क्वचित जाते. मीटर बेस्टचा असो, टाटा पॉवरचा, अदानीचा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरणचा, वर्षातले बहुतेक दिवस घरच्या इन्व्हर्टरला कामच नसतं. त्यामुळे इथल्या बॅटऱ्यांची दुखणी लोडशेडिंगच्या गावांतल्या बॅटऱ्यांपेक्षा वेगळी असतात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबई महानगराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. असा दिवस उगवल्यावर आपली बॅटरी चालते का हे पाहून काहीच उपयोग नसतो. या वेळी आलेले बरेच प्रश्न याच मुद्द्याभोवती फिरतात, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतला साठा) उंच ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची लेड-ॲसिड) बॅटरी घेऊन अडीच वर्षं झाली. आमच्याकडे लाइट महिन्यातून एखाद वेळा पाच-दहा मिनिटं जाते. मागच्या आठवड्यात दोन तास गेली, तेव्हा दोन पंखे आणि तीन ट्यूबलाइटवर बॅटरी वीस मिनिटांत बसली. त्याआधी इन्व्हर्टरवर ‘बॅटरी फुल’ दिसत होतं. दुकानदार नवीनच घ्या म्हणतो. ही खरंच गेली का? (मुलुंड पूर्व)

उत्तर : गेली असेलही, पण तपासल्याशिवाय पैसे घालवू नका. ‘फुल’चा दिवा बॅटरीतला साठा मोजत नाही, तो फक्त व्होल्टेज बघतो. बॅटरी १३.५ ते १३.८ व्होल्टवर टेकली की इन्व्हर्टर ती भरली असं धरून चालतो. सल्फेट (प्लेटवर जमणारा शिशाचा क्षार) चढलेली बॅटरी हे व्होल्टेज चांगल्या बॅटरीपेक्षा लवकर गाठते, कारण तिच्यात चार्ज घ्यायला जागाच कमी उरलेली असते.

महिनोन्‌महिने नुसती चार्जिंगवर बसलेल्या बॅटरीत काय होतं ते आधी समजून घ्या. पाणी थोडं थोडं उडत राहतं. ॲसिड पाण्यापेक्षा जड, म्हणून ते तळाशी दाट होतं आणि वर पातळ राहतं. रोज वापरातली बॅटरी पूर्ण चार्ज होताना आतून बुडबुडे निघतात आणि ॲसिड ढवळलं जातं. नुसत्या फ्लोट चार्जिंगवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या हलक्या चार्जिंगवर) ते ढवळणं जवळजवळ होतच नाही, आणि उंच बॅटरीत हे थर जास्त ठळक पडतात. मग प्लेटच्या खालच्या भागावर सल्फेट घट्ट बसतं, आणि वरचा भाग पाणी कमी झालं तर उघडा पडतो. त्यात उष्णतेची भर. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे.

आता तपासणी. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) आणि साधा मल्टिमीटर लागेल.

आधी प्रत्येक सेलची, म्हणजे बॅटरीच्या सहा कप्प्यांची, पाण्याची पातळी बघा. प्लेट उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, जास्त नको. मग बॅटरी रात्रभर चार्ज होऊ द्या. सकाळी इन्व्हर्टरचा इनपुट बंद करा, इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि सहा-आठ तास बॅटरीला हात लावू नका. चार्जिंगवरून काढल्या काढल्या घेतलेलं व्होल्टेज नेहमी फसवं असतं. विश्रांतीनंतर ट्युब्युलर बॅटरी १२.५ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी.

मग सहाही सेलची घनता घेऊन कागदावर लिहा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत २७ अंशांना ती १.२४० च्या आसपास हवी. ॲसिड त्याहून गरम असेल तर दर १० अंशांमागे वाचनात ०.००७ मिळवा. पाणी घातल्यावर लगेच घनता घेऊ नका. नवं पाणी वरच तरंगत असतं आणि हायड्रोमीटर नेमकं तेच ओढून घेतो.

निदान या सहा आकड्यांवरून होतं. सगळे सेल सारखेच उतरलेले असतील, म्हणजे समजा सगळे १.१९० ते १.२०० मध्ये असतील, तर बॅटरी अर्धवट चार्ज आहे किंवा सल्फेट चढलंय. ही बॅटरी बऱ्याचदा वाचते. पाच सेल १.२४० ला आणि एकच १.१६० ला असेल, तर तो सेल आतून शॉर्ट झालाय किंवा मेलाय. पूर्ण चार्जनंतरही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० हून जास्त खाली राहत असेल तर तिच्यावर खर्च करू नका. तिथे दुकानदाराचं बरोबर आहे.

आणखी एक तपासणी वायरमनही सहसा करत नाहीत. निगेटिव्ह वायर परत जोडा, दोन पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्यावर कसलेल्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवा. १५-२० अँपिअर वाहत असताना ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड खराब आहे. इन्व्हर्टर स्वतःच्या टर्मिनलपाशी पोचलेलं व्होल्टेज बघतो आणि साधारण १०.५ ला बंद होतो. दोन जोडांत अर्धा-पाऊण व्होल्ट हरवला की बॅटरीत साठा असूनही तो ‘लो बॅटरी’ म्हणतो. समुद्राजवळच्या हवेत हा दोष फार आढळतो.

बॅटरी वाचण्यासारखी निघाली तर इन्व्हर्टरच्या किंवा बॅटरीवाल्याच्या चार्जरवर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एकसारखे भरण्यासाठीचा जास्त व्होल्टेजचा चार्ज) द्या, १५ ते १५.५ व्होल्ट. खिडक्या उघड्या ठेवा, खोलीत गॅस किंवा समई पेटलेली नको. दर तासाला घनता लिहा. लागोपाठ तीन वाचनांत ती वाढली नाही की चार्ज थांबवा. बॅटरीचं अंग हाताला सोसवेनासं झालं तर आधीच थांबवा. त्यानंतर अर्धी उतरवून पुन्हा पूर्ण चार्ज, असं दोन-तीनदा करा. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पण वीस मिनिटांचे दोन तास झालेले दिसू शकतात.

यापुढे महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी इन्व्हर्टरचा इनपुट एमसीबी बंद करा आणि घर दीड-दोन तास बॅटरीवर चालवा. सुरुवातीचं आणि शेवटचं व्होल्टेज वहीत लिहा. दर महिन्याला तेवढाच लोड, तेवढाच वेळ. शेवटचा आकडा घसरायला लागला की बॅटरी केव्हा दगा देणार हे दोन-तीन महिने आधी कळतं. बॅटरी पूर्ण रिकामी मात्र करू नका, अर्ध्यावर थांबा.

प्रश्न : एसीमधून पडणारं पाणी किंवा आरओचं पाणी बॅटरीत चालतं का? (कांदिवली)

उत्तर : दोन्ही नको. आरओच्या पाण्यात क्षार कमी असले तरी असतात. एसीचं पाणी मुळात शुद्ध असतं, पण कॉइलवरची धूळ, तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश आणि बुरशी घेऊन खाली येतं. पाणी उडतं, घाण आतच राहते, आणि प्रत्येक टॉप-अपला साचत जाते. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घाला. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वर येऊन ॲसिड बाहेर सांडतं. ॲसिड कधीही घालू नका. उडालेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

प्रश्न : दादरला वन बीएचके आहे. तीन जुने पंखे, चार एलईडी ट्यूब, वायफाय राउटर, टीव्ही. केवढा इन्व्हर्टर आणि केवढी बॅटरी घ्यावी? फ्रिज चालेल का? बॅटरी बाल्कनीत ठेवायची आहे, इन्व्हर्टर हॉलमध्ये. (दादर पश्चिम)

उत्तर : जुना पंखा ७५ वॉटचा धरा, तीन पंख्यांचे २२५. एलईडी ट्यूब २० वॉट, चारचे ८०. राउटर १२, टीव्ही ६०. एकूण ३७७ वॉट. याला ८५० ते ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरची ताकद) साइन वेव्ह, म्हणजे मेनसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर पुरेसा आहे. स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळतो, पण त्यावर पंखे घुमतात आणि तापतात.

बॅटरीचं गणित असं. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतः १५ टक्के खातो, उरले साधारण १५३०. आणि ‘१५० एएच’ हा आकडा बॅटरी २० तासांत सावकाश, ७.५ अँपिअरने उतरवली तरचा आहे. तुमचा लोड ३७ अँपिअर ओढणार, त्या वेगाला बॅटरी सांगितल्यापेक्षा चतुर्थांशाहून जास्त कमी देते. हाती राहतात सुमारे ११०० वॉट-तास, म्हणजे तीन तासांच्या आत-बाहेर, तेही पार रिकामी करून.

आता तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) केलेत तर लोड २४२ वर येतो, करंट कमी झाल्याने बॅटरीही जास्त देते, आणि बॅकअप पाच तासांच्या घरात जातो. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. शिवाय लाइट असतानाचं बिलही कमी होतं. हा सल्ला आम्ही सर्वांनाच देतो.

फ्रिज इन्व्हर्टरवर घेऊ नका. कॉम्प्रेसर चालू होताना चालतानाच्या कित्येक पट करंट ओढतो आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन सगळ्या घराची लाइट घालवतो. दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं अन्न चार तास सहज टिकतं.

बॅटरी बाल्कनीत आणि इन्व्हर्टर हॉलमध्ये ही मांडणी मात्र बदला. पूर्ण लोडला १२ व्होल्टच्या बाजूने ७५ अँपिअर वाहतात. बॅटरी एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर १६ चौरस मिमी तांब्यात ०.१६ व्होल्ट जातो, तेवढं चालतं. तीच चार मीटरवर नेली की ०.६६ व्होल्ट वायरमध्येच जिरतो. दोन्ही एकमेकांजवळ ठेवा आणि लांबवायचीच तर २३० व्होल्टची वायर लांबवा. त्या बाजूला करंट तीन-चार अँपिअरच असतो.

जागा कोरडी आणि खेळती हवा असलेली हवी. बंद कपाट, दिवाण आणि देवघराचा खालचा कप्पा टाळा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. पावसाची झड येणारी आणि दुपारचं ऊन खाणारी बाल्कनी बॅटरीला दोन्ही बाजूंनी मारते. भरलेली बॅटरी ५०-६० किलोंची असते, ट्रॉलीवर ठेवा.

वायर लोहार चाळीतून घ्या किंवा गल्लीतल्या दुकानातून, टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबं आणि आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे, परत करा. लग पकडीने चेपून घेऊ नका, क्रिम्पिंग मशीननेच दाबून घ्या. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत १०० अँपिअरचा डीसी फ्यूज बसवा. घरच्या डीबीतला (मेन वितरण पेटीतला) साधा एसी एमसीबी इथे लावू नका. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून तुटताना पडलेला आर्क (ठिणगीचा झोत) विझतो. डीसी कधीच शून्यावर येत नाही, आर्क तसाच पेटता राहतो.

प्रश्न : इन्व्हर्टरची लाइन जोडल्यापासून हॉलमधला दिवा लावला की आरसीसीबी ट्रिप होते. वायरमन म्हणतो, आरसीसीबी काढून टाकू. (बोरिवली)

उत्तर : काढू देऊ नका. ती आरसीसीबी तुमच्या घरातल्या माणसांना शॉकपासून वाचवते, आणि इथे ती आपलं काम बरोबर करते आहे. फेजमधून गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ट्रिप. तुमच्या दिव्याची फेज इन्व्हर्टरमधून येते, पण त्याचं न्यूट्रल जुन्या पद्धतीप्रमाणे घरच्या सामाईक पट्टीला जोडलेलं आहे. करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्याच वाटेने परततो.

डीबीत इन्व्हर्टरच्या सर्किटांसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी बसवून घ्या आणि इन्व्हर्टरवरच्या प्रत्येक पॉइंटचं न्यूट्रल शोधून तिथे आणा. जुन्या इमारतींत दोन खोल्यांचं न्यूट्रल स्विचबोर्डातच एकत्र केलेलं सापडतं. काम संपल्यावर मेन बंद, इन्व्हर्टर बंद, इन्व्हर्टरचं आउटपुट न्यूट्रल सोडवलेलं, अशा स्थितीत दोन पट्ट्यांमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर कुठेतरी अजून मिसळ आहे.

बॅटरीवर चालताना इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचा अर्थिंगशी संबंध राहतो का, हेही मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. काहींत तो तुटतो, आणि मग त्या लाइनवरची आरसीसीबी अर्थ फॉल्टला ट्रिप होत नाही. टेस्टचं बटण दाबून हे कळत नाही, कारण ते बटण अर्थिंगशिवायही चालतं.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून इन्व्हर्टरचं आउटपुट भिंतीतल्या सॉकेटमध्ये देण्याचा उद्योग काही घरांत दिसतो. मेन चालू राहिला तर तुमचा करंट मीटरमधून मागे जाऊन लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. तशी वायर घरात असेल तर आजच तोडून टाका.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅमिंग्टन रोडवरून लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० एएचचे चार सेल आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक तोडणारं सर्किट) आणून १२ व्होल्टचा पॅक बनवायचा आहे. ई-रिक्षातून काढलेले सेल निम्म्या किमतीत मिळतात. घरचा इन्व्हर्टर ट्युब्युलरसाठीचा आहे. (अंधेरी पूर्व)

उत्तर : शक्य तर नवे आणि एकाच लॉटचे सेल घे. जुने घ्यायचेच तर फुगलेला सेल हातात घेऊ नकोस, आणि २ व्होल्टच्या खाली फार दिवस पडून राहिलेला सेल ‘उठवून’ वापरू नकोस. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जला भलत्या जागी जमून आतून शॉर्ट करतं. बाकीचे ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज कर, ठरावीक करंटने २.५ पर्यंत उतरव आणि एएच मोज. ८० च्या खाली भरणारा सेल परत.

काम सुरू करताना अंगठी, घड्याळ, कडं काढ. पान्याला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळ. या सेलचा आतला अवरोध इतका कमी असतो की पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर हजारांच्या घरात अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटतो.

पहिली पायरी टॉप बॅलन्सिंग. ती टाळली तर पॅक कधीच पूर्ण क्षमता देत नाही. एक सेल आधी भरतो, बीएमएस सगळा पॅक तोडतो आणि बाकीचे तीन अर्धवट राहतात. आधी चारही सेल सीरिजमध्ये बीएमएससकट जोडून चार्ज कर, कुठलातरी सेल ३.६५ ला पोचून बीएमएस तोडेल. मग सगळे सुटे करून पॅरलल जोड आणि बेंच पॉवर सप्लाय ३.६५ व्होल्टवर लाव. व्होल्टेज सेलला जोडण्याआधी मल्टिमीटरने सेट करायचं, जोडल्यावर नॉबला हात लावायचा नाही. करंट दोन-तीन अँपिअरवर उतरला की झालं. हे सीरिजचं पहिलं चार्जिंग वगळून थेट पॅरललमध्ये गेलास तर अर्धे भरलेले चार सेल १० अँपिअरच्या सप्लायवर वीस तास घेतील.

सेलचं ॲल्युमिनियमचं डबडं बहुतेक वेळा पॉझिटिव्हच्या पातळीवर असतं आणि निळं प्लास्टिक पातळ असतं. म्हणून दोन सेलमध्ये अर्ध्या-एक मिलिमीटरची इपॉक्सी फायबरची शीट घाल. चारही सेल पट्ट्यांनी अलगद बांध, फुगायला जागा मिळता कामा नये पण चिरडायचेही नाहीत. टर्मिनल आणि बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बारीक पॉलिश पेपरने घासून लगेच जोड, ॲल्युमिनियमवर ऑक्साइड मिनिटांत परत चढतो. नट किती कसायचा तो आकडा सेलच्या डेटाशीटमधला पाळ आणि टॉर्क पाना वापर. अंदाजाने जोर लावला की आटे निघतात आणि सेल वाया जातो.

बीएमएसच्या बारीक वायरी जोडताना प्लग बीएमएसला लावायचा नाही. काळी वायर पॅकच्या निगेटिव्हला, मग एकेक सेल वर. प्लगच्या पिनांवर ओळीने ३.३, ६.६, ९.९, १३.२ व्होल्ट दिसले तरच प्लग आत. क्रम चुकला की बीएमएस जळतो, आणि काही वेळा वरून काहीच न दिसता संरक्षण बंद पडतं. ते जास्त वाईट.

आता तुझा इन्व्हर्टर. ट्युब्युलरच्या सेटिंगवर तो १४.४ किंवा त्याहून वर जातो, आणि इक्वलायझिंग असेल तर १५ पार करतो. बीएमएस चार्ज मध्येच तोडतो आणि त्या धक्क्याने इन्व्हर्टरचं चार्जिंग सर्किट जाऊ शकतं. लिथियम मोड असलेला किंवा व्होल्टेज बदलता येणारा इन्व्हर्टर हवा. चार्ज १४.२, फ्लोट १३.४, लो कट १२. मुंबईत पॅक वर्षभर भरलेल्या स्थितीत उकाड्यात बसून राहणार, म्हणून फ्लोट जितकं खाली ठेवशील तितका सेल म्हातारा व्हायला वेळ घेईल. तसा इन्व्हर्टर नसेल तर पॅक बनवण्याआधी इन्व्हर्टर बदल, नंतर नाही.

इन्व्हर्टरला पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर रिकामे असतात आणि मोठी ठिणगी पडते. आधी ३०-५० ओहमच्या १० वॉट रेझिस्टरमधून काही सेकंद जोड, मग मेन लग कस. फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्हवरच, आणि तो एवढा मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारा हवा. गाडीच्या ऑडिओचा स्वस्त फ्यूज इथे नको. साठा व्होल्टेजवरून ओळखू नकोस. या रसायनाचा पॅक बहुतेक वेळ १३ ते १३.३ व्होल्टमध्येच असतो. येणारा-जाणारा करंट मोजणारा शंट मीटर लाव.

पॅक जिन्याखाली, पॅसेजमध्ये किंवा दाराजवळ ठेवू नकोस. हे रसायन इतर लिथियमपेक्षा शांत आहे, तरी बिघडलेला सेल विषारी आणि ज्वलनशील वायू सोडतो, आणि मग बाहेर पडायची वाटच अडते. इमारतीचा जिना मोकळा ठेवणं महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याच्याही कक्षेत येतं.

प्रश्न : वरळी कोळीवाड्यात घर आहे. टर्मिनलवर दर दोन महिन्यांनी पांढरा-हिरवा थर येतो. (वरळी)

उत्तर : निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पाणी सेलच्या झाकणात जाऊ देऊ नका. पुसून पूर्ण कोरडं करा, लग घट्ट कसा, आणि कसल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. आधी नको. कल्हई केलेले तांब्याचे लग घ्या आणि लग-वायरच्या सांध्यावर हीट श्रिंक चढवा, खारी हवा तिथूनच तारेत शिरते. जोडताना पॉझिटिव्ह आधी. थर एकाच टर्मिनलवर पुन्हा पुन्हा येत असेल तर खुंटाच्या बुडाशी चीर पडून ॲसिड झिरपतंय, बॅटरी वॉरंटीत दाखवा.

प्रश्न : आईला घरी पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. सध्याचा ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पुरेल का? (गिरगाव)

उत्तर : त्यावर अवलंबून राहू नका. हे यंत्र साधारण ३५० वॉट सलग खातं, सुरू होताना त्याहून बरंच जास्त, आणि त्याच इन्व्हर्टरवर घराचे पंखे-दिवेही आहेत. आईसाठी वेगळी व्यवस्था करा : १५०० व्हीए किंवा वरचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, २४ व्होल्ट, १५० एएचच्या दोन नव्या आणि एकसारख्या बॅटऱ्या. यावर चार तास मिळतात आणि बॅटऱ्या अर्ध्याच उतरतात. नवी बॅटरी जुन्या बॅटरीबरोबर सीरिजमध्ये जोडू नका, जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही घेऊन बसते. या सॉकेटला दुसरं काहीही लावायचं नाही, मोबाइलचा चार्जरही नाही.

लाइट गेल्यावर यंत्र क्षणभर थांबून परत सुरू झालं, तर ऑक्सिजनची शुद्धता पूर्ण यायला काही मिनिटं लागतात. म्हणून बी टाइप सिलिंडर भरून घरात ठेवाच. त्यात सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला २ लिटरने तो १२ तास पुरतो, ५ लिटरने ५ तास. फ्लो किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा लाइट असताना बदली करून बघा. अंधारात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो, पावसात घरात पाणी येतं. इन्व्हर्टरचं काय करावं? (कुर्ला)

उत्तर : २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या दिवशी तुमच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारा आणि इन्व्हर्टर त्याच्या वर, भिंतीत बोल्ट मारलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवा. बॅटरी तेवढ्या उंच नेणं जमलं नाही तर निदान दोन फुटांचा विटांचा ओटा बांधा.

पाणी उंबऱ्याला लागलं की इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लग काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. पाणी सॉकेटपर्यंत चढलं असेल तर घरात शिरूच नका. मीटरपाशी कोरड्यात उभं राहून मेन बंद करता आला तरच करा.

पूर ओसरल्यावर बुडालेला इन्व्हर्टर ‘चालतो का बघू’ म्हणून लावू नका, आधी उघडून धुवून वाळवून घ्या. लेड-ॲसिड बॅटरीच्या झाकणांतून घाण पाणी आत गेलं असेल तर ती टाकून द्या. लिथियमचा पॅक बुडाला असेल तर चार्ज करू नका, उघड्यावर, घरापासून दूर ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. असा पॅक दोन-चार दिवसांनीही पेट घेऊ शकतो.

प्रश्न : सोसायटीच्या लिफ्टला एआरडी (लाइट गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणारं बॅटरीवरचं यंत्र) आहे, तरी लाइट गेल्यावर लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. (चेंबूर)

उत्तर : बॅटऱ्या मेल्या असणार. गच्चीवरच्या तापलेल्या मशीनरूममध्ये सीलबंद बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. संचातल्या सगळ्या एकदम बदला, बसवल्याची तारीख मार्करने लिहा, आणि दर महिन्याला लिफ्टच्या मेकॅनिकसमोर रिकामी लिफ्ट मध्ये असताना मेन बंद करून ती मजल्यावर येते आणि दार उघडते का ते बघा. देखभालीच्या करारात ही चाचणी लेखी घालून घ्या.

प्रश्न : चार्ज होताना बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो. (घाटकोपर)

उत्तर : लगेच चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. एखादा सेल शॉर्ट होऊन बॅटरी ओव्हरचार्ज होते आहे आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो आहे. हा वायू विषारी आहे, आणि थोड्या वेळाने नाकाला त्याचा वास येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असं समजू नका. बॅटरी गार झाल्यावरच वायर काढा. ही बॅटरी पुन्हा चार्जला लावू नका.

प्रश्न : जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यावी का? (सायन)

उत्तर : दारावर येणारा भंगारवाला बहुधा ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्या, तिच्या वजनाचे पैसे बिलात वजा करून मागा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नेईपर्यंत बॅटरी उभीच ठेवा, टर्मिनलवर टेप लावा. ॲसिड सांडलं तर त्यावर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबल्यावर पाण्याने धुवा. डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं डोळा धरा आणि मग तडक दवाखाना गाठा.